डागांचा वाडगा

मित्रांनो, रायपूरला भनपुरीच्या अलीकडे एक छोटी वस्ती आहे. तिथे गुलाबरावांच्या घरामागे नळ आहे, नळामागे कमरेइतकी भिंत आहे, आणि त्या भिंतीवर निळ्या काठाचा जो जुना पांढरा वाडगा दिसतो, तो मी.

मी तामचिनीचा आहे. आजकाल तामचिनी म्हणजे काय हे सांगावे लागते. आत लोखंडाचा पत्रा असतो आणि वर काचेसारखा गुळगुळीत लेप. लेप शाबूत असेपर्यंत आम्हाला गंज चढत नाही, आंबटाची बाधा होत नाही. लेप गेला की आम्ही साधे लोखंड.

माझा कारखाना कोणत्या गावी होता ते मला माहीत नाही. पत्रा दाबून मला खोलगट केले, पांढऱ्या घोळात बुडवले, भट्टीत भाजले, पुन्हा बुडवले आणि पुन्हा भाजले, एवढे आठवते. शेवटी एका बाईने कुंचल्याने माझ्या काठाला निळी रेघ ओढली. ती रेघ एका जागी जाड झाली आहे. बहुतेक त्या वेळी तिला कोणीतरी हाक मारली असावी.

तिथून मी गोल बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानात आलो. चार महिने फळीवर बसून होतो. एका रविवारी एक नवे जोडपे आले. नवरा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. बायको भंडाऱ्याकडची, लग्नाला महिनाही झाला नव्हता. दुकानदार त्यांना स्टीलचे भांडे दाखवत होता, पण ती माझ्याकडे पाहत होती.

"हा घ्या ना जी. खिरीले चांगला दिसन."

"फुटते तो."

"फुटत नाही, टवका उडते. अन् मी पाडतच नाही तं उडन कायले?"

नवरा हसला आणि त्याने मला उचलले. ते गुलाबराव. ती कलावती.

मी खिरीसाठी आलो होतो. पण खीर माझ्या नशिबी नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात गुलाबराव कैऱ्या घेऊन आले. पिशवी नव्हती म्हणून शर्टाच्या ओच्यात बांधून आणल्या. त्यांच्याजवळ एकच पांढरा शर्ट होता, विहारात वंदनेला घालायचा. त्याच्यावर कैरीचा चीक लागला. कलावती धावली. स्टोव्हच्या डब्यातले रॉकेल तिने हाताला लागेल त्या भांड्यात ओतले. हाताला मी लागलो. चीक सुटला, शर्ट वाचला, पण रॉकेलचा वास माझ्या अंगातून गेला नाही. तीन दिवस तिने मला राखेने घासले. चौथ्या दिवशी नाकाला लावून पाहिले आणि मला बाहेर नळाजवळच्या भिंतीवर ठेवले.

"राग नको मानू बापा," ती मला म्हणाली. "माह्या आजीचा कप गावच्या होटेलात असाच बाहेर खुंटीले टांगून राहे. पण ते जातीपायी. तू रॉकेलपायी. तुह्यात खीर वाढली तं खाणाऱ्याले दवाखान्यात न्यावं लागन."

स्वतःच्याच बोलण्यावर ती हसली. मग तिने मला पदराने पुसले. आतली भांडी ती फडक्याने पुसायची. पदराने तिने एकट्या मलाच पुसले.

तेव्हापासून मी डागांचा वाडगा झालो.

कलावतीची आई उन्हाळ्यात मोहाची फुले वेचायला जायची, विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडायला जायची, दुसऱ्याच्या बागेत केळी आणि आंबे उतरवायला जायची. अंगावर एकच लुगडे. झाडे त्यावर डाग पाडायची आणि संध्याकाळी नदीवर तिला ते काढावेच लागायचे. तिची विद्या कलावतीकडे आली. झाडाचा डाग तेलाच्या डागासारखा नसतो, हे ती प्रत्येकाला सांगायची. केळीच्या चिकाला आधी साबण लावायचा नाही. थंड पाणी, मग लिंबू. जांभूळ सांडले तर कापड वाडग्याच्या तोंडावर ताणायचे आणि वरून उकळते पाणी धारेने ओतायचे. गवताच्या हिरव्या डागाला इंजेक्शन देण्याआधी लावतात ते स्पिरिट. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो. तेव्हा रडायचे नाही, कपडा धुऊन उन्हात टाकायचा.

हे सगळे माझ्यात झाले. माझ्यात लिंबू पिळले गेले, ताक ओतले गेले, जांभळे पाणी साचले. वस्तीतल्या बाया भिंतीपलीकडून हाक मारायच्या आणि कपडा पुढे करायच्या. शाळेचे युनिफॉर्म आले, नर्सबाईंचा कोट आला, लग्नातले शालू आले. "कलाबाईच्या वाडग्यातून काढा एकदा," असे लोक म्हणायचे. ते ऐकले की मला आपण चांदीचे असल्यासारखे वाटायचे.

एकदा मागच्या गल्लीतली नवी सून सोनिया पळत आली. हातात सासूची पांढरी साडी, तिच्यावर पसाभर जांभळांचा रस.

"चाची, सासू माँ बाजार से आती ही होंगी. आज तो मैं गई."

"कुठं नाही जात तू. हे धर. हे टोक असं ताण. असं नाही वो, ढोलकीवानी ताण!"

कलावतीने केटलीतून धार सोडली. जांभळा रंग माझ्यात उतरला. सोनिया डोळे मिटून उभी होती.

"डोळे उघड पोट्टी. गेला."

"सच में? चाची, आप जादूगर हो!"

"जादू नाही, गरम पानी आहे. अन् सासूले सांगून टाक. लपवलेला डाग वासानं समजते."

सोनियाने सासूला सांगितले की नाही ते मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून ती कलावतीला पाहिले की रस्त्यातच वाकून नमस्कार करायची आणि कलावती लाजून म्हणायची, "काय करून राहिली वो, लोक पाहून राहिले."

अशी पस्तीस वर्षे गेली. गुलाबराव निवृत्त झाले. मुलगी चेतना लग्न होऊन नागपूरला गेली. घरात दोघेच उरले. गुलाबराव पुढच्या खोलीत बसायचे आणि कलावती माझ्याजवळ, मागच्या अंगणात.

आता जे सांगायचे आहे ते मला जड जाते. पण ते सोडून माझी गोष्ट पुरी होत नाही.

मागच्या वर्षी बुद्धपौर्णिमेला कलावती सकाळी विहारातून आली. अंगावर चेतनाने दिलेली नवी पांढरी सुती साडी होती. संध्याकाळच्या भोजनदानाला कच्च्या केळ्यांची भाजी करायचे तिने अंगावर घेतले होते. साडी बदलायला वेळ नव्हता. ती तशीच नळाजवळ विळी घेऊन बसली. मांडीपुढे चार किलो केळी, हात तेलाने माखलेले. सोलता सोलता एक केळ निसटले आणि चिकाचा ओघळ साडीवर, गुडघ्याखाली पडला.

"अहो," तिने हाक मारली, "जरा इकडे या ना जी. ह्या वाडग्यात पाणी द्या. चीक ओला आहे तोवर निघते."

"येतो," गुलाबराव आतून म्हणाले. टीव्हीवर मॅच होती.

मी भिंतीवर रिकामा होतो. नळ माझ्यापासून हातभर लांब होता. मी भांडे आहे, मला जाता येत नाही.

"अहो, माह्ये हात चिकाचे आहेत. नळ कसा उघडू?"

"हो, हो. दोन ओव्हर राहिल्या."

तिसरी हाक तिने मारली नाही. साडीकडे पाहिले आणि स्वतःशीच म्हणाली, "राहू द्या. वाळला." केळी संपवून ती उठली. दुसरी साडी नेसून आली. पांढरी साडी घडी करून पिशवीत घातली आणि मागच्या दाराच्या खिळ्याला अडकवली. "उद्या पाहीन," असे मला म्हणाली.

संध्याकाळी विहारात भाजी वाढता वाढता ती खाली बसली, ती उठलीच नाही. डोक्यात रक्तस्राव झाला होता. दोन दिवस दवाखान्यात होती. तिसऱ्या दिवशी घरी आणली ती पांढऱ्या कापडात.

गुलाबराव त्या दिवशी उठले असते तर ती वाचली असती, असे नाही. डॉक्टरांनी तसे सांगितले आणि गुलाबरावांनाही ते कळत होते. पण तिने त्यांच्याजवळ शेवटचे मागितले होते ते एक वाडगाभर पाणी. ते त्यांनी दिले नाही. ही गोष्ट दोघांनाच माहीत होती, त्यांना आणि मला.

मग माझे वाईट दिवस आले. पाहुण्यांनी घर आवरताना मला भिंतीवरून खाली ठेवले. कोणीतरी माझ्यात जुने स्क्रू आणि खिळे टाकले. पावसाळ्यात मांजरीच्या धक्क्याने मी खिळ्यांसकट मोरीच्या कडेवर आपटलो. तळाला आतून रुपयाएवढा टवका उडाला आणि लोखंड उघडे पडले. कोणी पाहिले नाही. ज्यांनी पाहायला हवे होते ती माणसे घरात नव्हती. एक गेली होती आणि दुसरे घरात असून नव्हते.

गुलाबराव दूध आणायला निघाले की मागच्या दाराकडे पाहून म्हणायचे, "येतो वं." मग थोडा वेळ थांबायचे. परत आल्यावर काहीच म्हणायचे नाहीत. कपडे स्वतः धुवायचे. चादर पिळायला दोन माणसे लागतात. ते चादर नळाला गुंडाळायचे आणि दुसरे टोक एकट्याने पिळायचे. टीव्हीचा आवाज मात्र मी वर्षभर ऐकला नाही.

या वर्षी मे महिन्यात, एका बुधवारी, चेतनाचा फोन आला. गुलाबराव अंगणात होते. फोन मोठ्या आवाजावर होता म्हणून मी सगळे ऐकले.

"बाबा, मी शनिवारी येऊन राहिली. रविवारी आईच्या स्मृतिदिनाला मी तिची पांढरी साडी नेसणार."

"कोणती?"

"मी दिलेली. पौर्णिमेला नेसली होती ती. आहे ना?"

"आहे."

"मले सापडलीच नव्हती तेव्हा. कुठं ठेवली?"

"आहे ना बेटा. जाते कुठं."

फोन ठेवून ते मागच्या दाराकडे गेले. पिशवी वर्षभर त्याच खिळ्याला होती. त्यांनी साडी काढली, उलगडली, डाग शोधला. तळहाताएवढा, तपकिरी, कडक. ते बराच वेळ त्यावर अंगठा फिरवत बसले. चार दिवसांत तो डाग जायला हवा होता. तो दिसला तर चेतना विचारणार होती, आणि विचारले तर त्यांना सांगावे लागणार होते.

मित्रांनो, गुलाबरावांनी आयुष्यभर कपड्यांवरचे ग्रीस पाहिले होते. त्यांना डागाचा एकच उपाय ठाऊक होता, कारखान्यातला. आधी रॉकेल, मग धुण्याचा सोडा, मग ब्रश. त्यांनी तेच केले. तपकिरी डाग संध्याकाळपर्यंत आणखी गडद झाला.

गुरुवारी त्यांना लिंबू आठवले. कलावती लिंबू पिळायची, माझ्यात पिळायची, इतके त्यांनी कधीतरी येता-जाता पाहिले होते. त्यांनी मला शोधले. मोरीजवळ मी खिळ्यांनी भरलेला होतो. त्यांनी खिळे ओतून दिले, मला धुतले, उलटे धरून पाणी झटकले. वर्षानंतर माणसाचा हात लागला तेव्हा मला फार बरे वाटले. पण लगेच मला माझा तळ आठवला. तिथे उघडे लोखंड होते. लिंबू लोखंडाला खाते, आणि केळीच्या चिकाला लोखंड लागले की त्याची शाई होते. कलावतीने हे पाहताक्षणी मला बाजूला ठेवले असते.

त्यांनी माझ्यात चार लिंबे पिळली, डागाचा भाग बुडवला आणि वरून दगड ठेवला. दुपारी दगड काढला तेव्हा डाग काळा झाला होता. पाटीसारखा काळा.

गुलाबराव ओल्या फरशीवरच बसले. साडी मांडीवर घेतली. मला वाटले, मी तेव्हाच पुरता फुटलो असतो तर बरे झाले असते.

"काय झालं भाऊ? पडले का?"

भिंतीवरून शेजारच्या शारदाबाई डोकावल्या. त्या तुमसरच्या, कलावतीपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. जिभेने तिखट होत्या.

"पडलो नाही. साडी खराब झाली."

"दाखवा. अगं माय! हे काय केलं? शाई सांडली का?"

"केळाचा चीक होता. लिंबू लावलं."

"कशात लावलं?" गुलाबरावांनी मला भिंतीपाशी वर धरले आणि त्यांनी वाकून आत पाहिले. "घ्या! अख्खं लोखंड उघडं पडलं आहे. जिंदगीभर रेल्वेचे डबे दुरुस्त केले तुमी, अन् एक वाडगा तपासून नाही घेतला?"

"मले काय माहीत शारदाबाई. तिले माहीत होतं."

"तिनं आम्हाले सांगितलं. तुमी कधी विचारलं?"

गुलाबरावांनी मला पुन्हा फरशीवर ठेवले. शारदाबाईंना आपण जास्त बोललो असे वाटले. त्या गेटाने फिरून आत आल्या.

"शाई निघन," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लिंबू अन् मीठच लागन, पण लोखंड नको. अन् चीक वर्षाचा आहे. त्याले आंबट ताक लागन, ऊन लागन. पूर्ण निघन असं मी म्हणत नाही. कला असती तरी म्हणाली नसती. काचेचं भांडं आहे का घरात मोठं?"

"याच्यातच करू," गुलाबराव म्हणाले.

ते आत गेले. कलावतीच्या फोटोपुढची अर्धी मेणबत्ती घेऊन आले. मला उन्हात वाळवले, टवक्यावर मेण थेंब थेंब सोडले आणि बोटाने सारखे केले. फिटरचा हात होता. कडेला कुठे फट राहिली नाही. शारदाबाई पाहत राहिल्या.

"हे चांगलं केलं. पण गरम पाणी नका टाकू याच्यात आता."

"नाही टाकत."

शुक्रवारभर साडी माझ्यात ताकात होती. मग मीठ, लिंबू, ऊन. पुन्हा मीठ, लिंबू, ऊन. काळे गेले. शनिवारी दुपारी तपकिरीही उतरले आणि मागे फिक्या चहासारखी एक खूण राहिली. गुलाबराव पुन्हा लिंबू कापू लागले तेव्हा शारदाबाईंनी सुरी काढून घेतली.

"बस झालं भाऊ. आता डाग नाही निघत, साडी निघन."

"अजून एकदा."

"उजेडात धरून पाहा. आरपार दिसून राहिलं. पोट्टीनं नेसायची आहे ना ती?"

त्यांनी उजेडात धरून पाहिले. मग साडी नळाला गुंडाळली, एकट्याने पिळली आणि दोरीवर टाकली.

चेतना चारच्या गाडीने आली. हात-पाय धुवायला नळावर आली तेव्हा साडी तिच्या चेहऱ्यापुढेच होती. तिने पदर हातात घेतला, हसली, आणि मग तिला ती खूण दिसली.

"हे काय लागलं?"

गुलाबराव दारात उभे होते. ते खोटे बोलू शकले असते. पंखा पुसताना लागले, पेटीत पडले, काहीही. मी त्यांच्याकडे पाहत होतो.

"केळाचा चीक आहे," ते म्हणाले. "त्या दिवशीचा. तिनं मले पाणी मागितलं होतं, डाग ओला होता तेव्हा. मी मॅच पाहून राहिलो होतो. उठलो नाही."

चेतनाने पदर दोरीवर सोडला.

"दोनदा हाक मारली तिनं. तिसऱ्यांदा नाही मारली."

नळ टपकत होता. चेतनाने तो घट्ट बंद केला. बापाकडे न पाहता ती आत गेली आणि तिने दार लोटून घेतले. गुलाबराव तिथेच, माझ्याजवळ, भिंतीला टेकून उभे राहिले. दोरीवर आणि फरशीवर ऊन होते, पण त्यांच्या अंगावर नव्हते.

रविवारी सकाळी विहारात जायच्या वेळी चेतना मागच्या दाराने बाहेर आली. पांढरी साडी नेसून. गुलाबरावांनी गुडघ्याखाली पाहिले. डाग नव्हता. त्यांनी पुन्हा पाहिले.

"कुठं गेला?"

"निऱ्यांत आहे." तिचा आवाज रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता. "बाबा, आई सगळ्या साड्या अशाच नेसायची. तुम्हाले माहीत नाही?"

"अशाच म्हणजे?"

"डाग आत घेऊन. कोणती साडी कुठून खोचायची म्हणजे कोणता डाग आत जाते, हे तिनं मले नववीत असताना शिकवलं. मी म्हटलं, तू सगळ्या दुनियेचे डाग काढते, तुझे काहून नाही काढत? तर म्हणे, लोकांचे काढता काढता नळाचं पाणी जाते."

गुलाबराव खाली बसले नाहीत की रडलेही नाहीत. ते फक्त माझ्याकडे पाहू लागले, जणू हे मी त्यांना सांगायला हवे होते.

पण मलाही ते माहीत नव्हते, मित्रांनो. मी आठवून पाहिले. पस्तीस वर्षांतले कोट, शालू, शर्ट, फ्रॉक आठवले. सोनियाच्या सासूची साडी आठवली. कलावतीची स्वतःची साडी माझ्यात एकदाही बुडाली नव्हती. तिच्या हातात मी रोज होतो आणि मला हे कधी जाणवले नाही. त्या पौर्णिमेला तिने पहिल्यांदा स्वतःसाठी पाणी मागितले होते.

विहारातून आल्यावर चेतनाने साडी बदलून ती पुन्हा पाण्यात घातली आणि एक टोक बापाच्या हातात दिले. त्याने ते घेतले. दोघांनी दोन बाजूंनी साडी पिळली.

"उरलेलं नंतर बोलू," ती म्हणाली. "आता नाही जमत मले."

"बरं," ते म्हणाले.

सोमवारी ती गेली. जाताना साडी घेऊन गेली.

मंगळवारी गुलाबरावांनी कपाट उघडले. एकेक साडी आणून अंगणातल्या खाटेवर उलगडली. खरेच, प्रत्येकीत काहीतरी होते. एकीवर हळद, एकीवर जांभूळ, एकीवर पानाचा काथा, दोन-तीन साड्यांवर आंब्याचा चीक. सगळे डाग अशा जागी की नेसल्यावर आत जावेत. गुलाबरावांनी त्या साड्यांमध्ये तिला पस्तीस वर्षे पाहिले होते.

आता ते रोज एक साडी घेतात. कोणत्या डागाला काय, ते शारदाबाईंना विचारतात. मग माझ्या तळाचे मेण बोटाने तपासतात, मला धुतात आणि कामाला लागतात. काही डाग जातात. पुष्कळसे जात नाहीत. ते फार जुने आहेत. साडी पिळायला दुसरे माणूस नसते, म्हणून नळाला गुंडाळतात. दोरीवर बाईची साडी दिसते आणि घरात बाई नसते. रस्त्याने जाणारे क्षणभर पाहतात.

शारदाबाईंनी एकदा विचारले, "भाऊ, वाईट नका वाटून घेऊ. पण या नेसणार कोण?"

"कोणीच नाही."

"मग काहून करून राहिले?"

गुलाबराव लिंबू पिळत होते. बी माझ्यात पडले, ते त्यांनी बोटाने काढले.

"सगळ्यांचे झाले शारदाबाई," ते म्हणाले. "आता तिचा नंबर लागला."

मित्रांनो, माझ्यासारख्या टवका उडालेल्या वाडग्याने तुम्हाला काय शिकवावे? पण एवढे ऐका. तुमच्या घरात कोणी सगळ्यांचे कपडे स्वच्छ करत असेल, तर आज त्यांच्याजवळ जा आणि विचारा, तुझे कोणते राहिले आहे. ते काही नाही म्हणतील. तरी पुन्हा विचारा. आणि मागच्या अंगणातून कोणी पाणी मागितले, तर दोन ओव्हर राहिल्या असल्या तरी उठा.